‘इंग्लिश बी’चा गृहपाठ

गृहपाठ एवढाच, की रात्रीतून एक पान लिहून आणायचे. विषय नाही, मुद्दे नाहीत, शब्दमर्यादाही त्या एका पानापुरती. अट एकच: लिहाल ते स्वतःचे असावे. स्वतःचे असले की खरेपणाची वेगळी काळजी करायला नको, असा शिक्षकाचा भरवसा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज यांची ‘थीम फॉर इंग्लिश बी’ ही कविता या गृहपाठाने उघडते आणि तो लिहून पुरा झाला की मिटते. कविता हेच विद्यार्थ्याने लिहिलेले पान. १९४९ मध्ये ती एका नियतकालिकात आली आणि १९५१ मध्ये ‘माँटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’ या पुस्तकात. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत ती पुष्कळ शिकवली जाते, त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या कवितांना चढतो तो गुळगुळीतपणा तिलाही थोडा चढला आहे. माणसे सगळी सारखीच, असा तिचा सारांश काढून वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. कविता समतेविषयी आहेच. पण त्याआधी ती लिहायला सांगण्याविषयी आहे. कोणी कोणाला ‘स्वतःविषयी लिही’ म्हणतो तेव्हा दोघांमध्ये नेमके काय घडते, हे इतक्या थोड्या जागेत इतक्या बारकाईने पाहिलेले मला तरी दुसरीकडे आढळलेले नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला या गृहपाठाचा थोडा हेवा वाटावा. आपल्याकडे निबंधाच्या तासाला छत्रीला मन असते, फाटक्या पुस्तकाला मन असते, वडाच्या झाडाला तर भलतेच हळवे मन असते. वही पुढे ओढून बसलेल्या मुलाच्या मनाची चौकशी सहसा होत नाही. ज्याने अपघात पाहिलेला नाही तो ‘मी पाहिलेला अपघात’ गाइडमधून पाठ करतो आणि कर्णकर्कश ब्रेक, बघ्यांची गर्दी व माणुसकीचा अंत या क्रमाने लिहून येतो. अलीकडे वारे फिरले आहे. मुलांच्या भावना महत्त्वाच्या, त्यांनी त्या लिहाव्यात, रोजनिशी ठेवावी, आज कशाचा राग आला ते चार ओळींत मांडावे, असे शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितले जाते. छत्रीपेक्षा हे बरे यात शंका नाही. पण ‘मनापासून लिहा’ ही सूचना दिसते तितकी निरुपद्रवी नसते, आणि ह्यूज यांचा विद्यार्थी नेमका तिथेच थबकतो.

सूचना कवितेत चार तोकड्या ओळींत येते आणि त्या ओळींना यमक आहे. दोन जोड्या, दोन यमके, एखाद्या बालगीतासारखा ठेका. शिक्षकाच्या बोलण्यात कुठेही अडखळणे नाही. त्याच्या दृष्टीने ‘तू’ आणि ‘खरे’ हे आवाजानेही जुळलेले शब्द आहेत. त्यानंतर एक जागा सुटते आणि विद्यार्थ्याची पहिली ओळ येते ती शंकेची: हे खरोखर इतके सोपे असते का? यमक इथे तुटते. पुढच्या ओळी लांबतात, गद्याच्या जवळ येतात. शिक्षकाची लय आणि विद्यार्थ्याची लय वेगळी आहे, हे आशय कळण्याआधी कानाला कळते.

मग तो आज्ञाधारकपणे माहिती देऊ लागतो. वय बावीस, वर्ण काळा, जन्मगाव विन्स्टन-सेलम, शाळा तिथे, नंतर डरॅम, आता न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीच्या वरच्या टेकडीवरचे हे कॉलेज. कुठल्याही अर्जावर भरावी तशी ही माहिती. पण ती ज्या क्रमाने येते त्यात एक अख्खा इतिहास दडलेला आहे. विन्स्टन-सेलम आणि डरॅम ही दोन्ही नॉर्थ कॅरोलायनातली तंबाखूची शहरे, आणि त्या काळी तिथल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या. शाळांमधले हे विभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९५४ मध्ये, कविता छापली गेल्यानंतर. म्हणजे या मुलाच्या आधीच्या वर्गांत सगळेच काळे होते. तिथे ‘मी काळा आहे’ हे पानावर लिहिण्याजोगे काही नव्हते. उत्तरेत, न्यूयॉर्कमध्ये, शाळेत तशी भिंत नाही आणि तिथे तो वर्गात एकटा पडला आहे. हे तो एका ओळीत, तक्रारीचा सूर न लावता सांगतो आणि पुढे चालू लागतो.

चालू लागतो हे अक्षरशः. कवितेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि अनेक रसग्रहणांत तो एका वाक्यात उरकलेला दिसतो. टेकडीवरून पायऱ्या उतरायच्या, बागेतून जायचे, सेंट निकोलस ओलांडायचा, मग आठवा अ‍ॅव्हेन्यू, मग सातवा, मग वायएमसीएची हार्लेम शाखा, तिथे लिफ्टने वर आपल्या खोलीत. नकाशा काढून बघावे तर रस्ते जागच्या जागी आहेत. सिटी कॉलेज सेंट निकोलस बागेच्या वरच्या उंचवट्यावर आहे आणि हार्लेमचे वायएमसीए १३५ व्या रस्त्यावर. कवितेतले कॉलेज म्हणजे ह्यूज स्वतः शिकले ते कोलंबिया, असेही पुष्कळजण समजतात, पण पायाखालचा रस्ता सिटी कॉलेजकडे बोट दाखवतो.

एवढे रस्ते कशाला? शिक्षकाने ‘घरी जाऊन’ लिहायला सांगितले होते म्हणून. घर म्हणजे काय, ते कुठे आहे, तिथे पोचायला काय काय ओलांडावे लागते, याचा विचार सूचना देणाऱ्याने केलेला नाही. त्याच्या लेखी प्रत्येक मुलाला घर असते, तिथे टेबल असते आणि टेबलाशी बसले की ‘स्वतः’ आपोआप हजर होतो. या मुलाचे घर म्हणजे वसतिगृहासारख्या ठिकाणची एक खोली. रस्त्यांची नावे घेता घेता तो शिक्षकाला आपल्यामागून चालायला लावतो. या सबंध वाटेत भावनेचा एकही शब्द नाही. एकटेपणा, परकेपणा, दमणूक यांतले काही नाही, फक्त पत्ते आहेत. आणि वाचणाऱ्याला कळायचे ते सगळे कळते. भावना लिहा म्हटल्यावर मुले ‘मला खूप वाईट वाटले’ असे लिहून मोकळी होतात. त्याऐवजी त्यांना घरचा रस्ता लिहायला सांगून बघण्यासारखे आहे.

आणखी एक गंमत. खोलीत पोचल्यावर तो सांगतो की आता मी बसतो आणि हे पान लिहितो, आणि तिथे अपूर्णविरामाची दोन टिंबे येतात. म्हणजे पान त्या टिंबांनंतर सुरू व्हायला हवे. पण तोवर बरीच वाट आपण वाचून बसलो आहोत. मग शंका, जन्मगाव, रस्ते हे कुठे लिहिले? पानाच्या बाहेर? कविता संपताना तो जेव्हा हेच माझे पान असे म्हणतो, तेव्हा शिक्षकाच्या सूचनेसकट सगळेच त्या पानात आलेले असते. प्रश्नपत्रिका उत्तरपत्रिकेत जमा झाली आहे.

टिंबांनंतरचा भाग वरवर घोटाळ्याचा वाटतो. बाविसाव्या वर्षी खरे काय ते कळणे अवघड, असे म्हणून तो ‘मी’ची व्याख्या करू जातो: जे जाणवते, दिसते, ऐकू येते, तो मी. ऐकण्याचा विषय निघताच खिडकीबाहेरचे हार्लेम आत येते आणि तो थेट हार्लेमशी बोलू लागतो. तू, मी, आपण दोघे, असे छोटे छोटे तुकडे पडतात, कंसात न्यूयॉर्कही डोकावून जाते आणि शेवटी ‘मी म्हणजे कोण’ एवढाच प्रश्न उरतो. ह्यूज यांनी पुस्तकाच्या आरंभी सांगून ठेवले आहे की यातल्या रचनेवर बीबॉप या नव्या जॅझ संगीताची छाया आहे, त्यात अचानक वळणे, तुटलेले ठेके येतील. त्या काळी हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाऊससारख्या क्लबात पियानोवादक थेलोनियस मंक आणि त्याचे सोबती जे वाजवत होते, त्याची चाल या ओळींत ऐकू येते. शिक्षकाने एका माणसाचे पान मागितले होते. इथे वस्तीच बोलायला लागली आहे. पान माझ्या आतून येऊ द्यायचे तर माझ्या आत कोण कोण राहते, हे आधी बघावे लागेल.

यानंतर येते आवडीनिवडींची यादी आणि ती मुद्दाम बेचव आहे. खाणे, झोपणे, प्रेमात असणे, काम, वाचन, आयुष्य समजून घेणे. कोणालाही आवडेल असेच सगळे. नाताळची भेट म्हणून एखादा पाइप किंवा गाण्याच्या तबकड्या. या तबकड्यांच्या नावांशी मात्र कान टवकारावेत: बेसी, बॉप, बाख. १९३७ मध्ये वारलेली ब्लूजगायिका बेसी स्मिथ, हार्लेममध्ये घडत असलेले नवे संगीत आणि अठराव्या शतकातला जर्मन रचनाकार, तिघे एका दमात. ‘इंग्लिश बी’तल्या ‘बी’चे हे तीन गडी. काळ्या मुलाच्या कपाटात बाख नसेलच, अशी जी मूक अपेक्षा शिक्षकाच्या किंवा आपल्या मनात असते तिला त्याने अनुप्रासाने बाजूला सारले. वाद घातला नाही.

यादी संपते आणि तो कळीचा प्रश्न विचारतो: मग मी लिहिलेले हे पान माझ्या रंगाचे होईल का? मी लिहिणार म्हटल्यावर ते गोरे तर होणार नाही. पण, आणि इथून कविता एकदम तोंड फिरवते, ते काही अंशी तुमचेही असेल. इतका वेळ ‘तू’ या शब्दाचा पत्ता बदलत होता. पहिल्यांदा शिक्षकाने तो विद्यार्थ्याला उद्देशून वापरला, मग विद्यार्थ्याने हार्लेमला, आता तो शब्द सूचना देणाऱ्याच्या दारात परत आला आहे. तुम्ही मला माझ्यातून पान काढायला सांगितलेत. पण लिहायला लावणारे तुम्ही, वाचणार तुम्ही, ज्या भाषेत लिहायचे ती शिकवणार तुम्ही. मग तुम्ही या पानाच्या बाहेर कसे?

इथे एक ओळ येते, हे असे असणे म्हणजेच अमेरिकन असणे, अशा अर्थाची. तिच्याविषयी मी साशंक आहे. ती व्यासपीठावरची वाटते, टाळी घेते. ह्यूजनाही ते जाणवले असावे, कारण लगेच पुढे ते तिची हवा काढून घेतात. तुम्हाला कधीकधी माझा अंश व्हायचे नसते. मलाही तुमचा व्हायचे नसते. तरी आहोत. बंधुभावाच्या कवितांत ही नकोशी वाटण्याची कबुली क्वचितच दोन्ही बाजूंनी दिली जाते. मग शेवटी तो हिशेब मांडतो: मी तुमच्याकडून शिकतो, तुम्हीही माझ्याकडून शिकत असाल, तुम्ही वयाने मोठे असलात, गोरे असलात आणि थोडे अधिक मोकळे असलात तरी. या ‘थोडे’ शब्दात कवितेचे सगळे बळ आहे. ‘तुम्ही स्वतंत्र, मी गुलाम’ असे म्हटले असते तर घोषणा झाली असती. थोडे अधिक म्हटल्याने शिक्षकाचे स्वातंत्र्यही मोजण्याजोगे, म्हणजे मर्यादित ठरले. शेवटची ओळ तर अगदीच कोरडी, पेपरावर नाव-नंबर घालावा तशी.

आता या कवितेतली लबाडी सांगायला हवी. ती लिहिली तेव्हा ह्यूज पन्नाशीकडे झुकलेले होते. त्यांचा जन्म विन्स्टन-सेलमचा नाही, मिसुरीतल्या जॉप्लिनचा. हा बावीस वर्षांचा विद्यार्थी रचलेला आहे. म्हणजे स्वतःतून आले तरच खरे, या शिक्षकाच्या सिद्धांताला सर्वांत मोठे उत्तर कवितेच्या ओळींत नाही, तिच्या बनावटीत आहे: हे पान दुसऱ्याच कोणाच्या तोंडून आले आहे आणि तरी खरे आहे. अर्थात अनुभव उसना नव्हता. १९२१ मध्ये ह्यूज कोलंबियात दाखल झाले तेव्हा वसतिगृहात खोली मिळवताना रंगावरून झालेली अडवणूक त्यांनी ‘द बिग सी’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. वर्षभरात ते कॉलेज सोडून गेले. आणि १९४७ मध्ये त्यांनी अटलांटा विद्यापीठात लेखनाचे वर्ग स्वतः घेतले. बाकावर बसण्याचा आणि फळ्यापुढे उभे राहण्याचा, दोन्ही अनुभव गाठीशी होते. कवितेतला शिक्षक खलनायक होत नाही याचे कारण बहुधा तेच. भोळा आहे, पण त्याने दिलेला गृहपाठ असा होता की त्याचे असे उत्तर लिहिता आले, हे श्रेय त्याचे आहेच.

‘थीम’ हा अमेरिकन कॉलेजांतला जुना, ठरीव लेखनप्रकार होता. हार्वर्डमध्ये बॅरेट वेंडेल हे प्राध्यापक मुलांकडून असे लेखन नियमित करून घेत. त्यांच्या वर्गात १८९० मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. आपल्याला जगाला काही सांगायचे आहे आणि ते नीट सांगता यावे म्हणून आपण या वर्गात आलो, असे त्याने एका गृहपाठात लिहिले. ते वाक्य वेंडेल यांनी निवडून वर्गाला वाचून दाखवले; डु बॉइस यांनी ही आठवण पुढे आत्मचरित्रात नोंदवली. तिथेही विद्यार्थ्याने विषयाच्या पोटातून वर्गालाच उत्तर दिले होते: मी इथे का बसलो आहे ते ऐका. याच डु बॉइस यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकात १९२१ मध्ये कोवळ्या वयातल्या ह्यूज यांची नद्यांवरची कविता छापून आली.

मराठीत मात्र अशा पानासाठी एवढे लांब जायला नको. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ता साळवे या नावाने आज आपण तिला ओळखतो. त्या निबंधाचा धागा ह्यूजच्या कवितेशी जुळतो तो दुःखाच्या वर्णनामुळे नव्हे. दुःखाची वर्णने दोन्हीकडे वेगळी आहेत. जुळतो तो तोंड फिरवण्याच्या कृतीत. मुक्ताबाई देवाकडे बघून बोलू लागते, धर्म कोणाचा आणि आमचा कोणता असे विचारते, मध्येच पंडितांकडे वळून त्यांना आपले पांडित्य गुंडाळून ऐकायला बजावते, आणि नंतर स्वतःच्या लोकांकडे वळून शिका म्हणून सांगते. शाळकरी मुलीच्या वहीतल्या लेखनाला एकच वाचक असतो, तपासणारा. तिने तो एक वाचक पुरेसा मानला नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांचे लेखन आपल्याकडे मन लावून वाचले गेले, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मराठीत ओळखीचे केले, ‘दलित पँथर’ने १९७२ मध्ये नावच अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून घेतले, पण या दोन वर्गपाठांना शेजारी ठेवून वाचण्याची मौज निराळी आहे.

ह्यूजची शंका मान्य केली तर शिक्षकाने करावे काय? एक रस्ता केनेथ कोक या न्यूयॉर्कच्या कवीने काढला. १९६८ मध्ये तो तिथल्या पी. एस. ६१ या प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवू लागला आणि त्यातून १९७० चे ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ हे पुस्तक आले. तो मुलांना मनातले लिहा असे म्हणतच नसे. प्रत्येक ओळ ‘मला वाटते असे व्हावे’ने सुरू करा आणि त्यात एक रंग, एक चित्रकथेतले पात्र, एक गाव आलेच पाहिजे, असली खेळकर अट घालायचा. किंवा एका ओळीत आपण पूर्वी काय होतो आणि पुढच्या ओळीत आता काय आहोत. किंवा चक्क खोटे लिहा. यमकाला बंदी. अटी पाळण्याच्या नादात मूल स्वतःवरचा पहारा विसरते आणि आतले काहीतरी निसटून पानावर येते. ‘पूर्वी’ आणि ‘आता’ या दोन शब्दांत तर वाढण्याचे सगळे सुखदुःख मावते. हा मार्ग चतुर आहे, लहान मुलांसाठी मला तो अधिक पसंत आहे. पण कोक ज्या प्रश्नाला वळसा घालतो त्याला ह्यूज भिडतात: हे आतले जे निसटून आले, ते आता कोणाच्या हातात आहे?

मानसशास्त्राच्या बाजूनेही हा प्रश्न सुटत नाही. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहिले. आयुष्यातल्या आघाताची हकीकत आणि त्याविषयीची भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे दवाखान्यात जाणे पुढच्या काही महिन्यांत कमी झाले. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना अधिक वाईट वाटत होते. या प्रयोगाचा दाखला शाळांत भावना लिहून घेण्यासाठी दिला जातो तेव्हा एक तपशील गळतो, की त्या पानांना गुण नव्हते आणि ती तपासणारा माणूस दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभा राहणार नव्हता.

ह्यूजची कविता आता स्वतःच लिहायला दिलेला विषय झाली आहे. अमेरिकन वर्गांत ती वाचून झाली की मुलांना आपापली ‘थीम फॉर इंग्लिश बी’ लिहायला सांगतात. वय, जन्मगाव, कॉलेजातून घरापर्यंतचा रस्ता, आवडीनिवडी, अशा ओळी भरायला साचा चांगला आहे, आणि रस्त्याच्या भागाने तर कोणाचेही पान उजळेल. अडचण येते शेवटच्या वळणावर, जिथे विद्यार्थी लिहायला सांगणाऱ्याकडेच वळतो. तो भाग साच्यात कसा घालायचा? ‘आता आपल्या शिक्षकांना आजवर न सांगितलेले काही आठ-दहा ओळींत सांगा’ असे फळ्यावर लिहिणारे धीट शिक्षक असतीलही. वर्गातला पहिला हात वर होईल तो विचारायला, की सर, याला किती मार्क?